छापून आलेली विहीर

साठ-सत्तर कैच्या एकाच वेळी तेंदूपत्ता कापतात तेव्हा कसा आवाज होतो, हे ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. वाळलेल्या तणसावरून गुरांचा कळप चालत जावा, तसं काहीसं. गोंदियाला स्टेशनाच्या अलीकडे आमचा बिडीचा कारखाना होता. लांबच लांब कवेलूचं छप्पर, खाली शेणानं सारवलेली जमीन, आणि मांडीवर सूप घेऊन बसलेल्या माणसांच्या रांगा. सुपात पानं आणि जर्दा, बोटाला धागा. माझी मिसरूड फुटली ती तिथेच, जर्द्याच्या धुळीत शिंकता शिंकता. शाळा माझी तिसरीपर्यंत, तीसुद्धा व्हरांड्यात बसून, कारण वर्गात बसलो असतो तर मास्तरांच्या खुर्चीला ताप आला असता. पण व्हरांड्यातूनही फळा दिसत होता, आणि वाचायला मी वर्गातल्यांपेक्षा चांगलं शिकलो. हे मी फुशारकीनं लिहितो असं कुणाला वाटलं तर वाटू द्या.

त्या वाचण्यामुळेच कारखान्यात माझी जागा वेगळी होती. नागपूरचा पेपर एक दिवस शिळा होऊन गाडीनं यायचा. मुनीम तो दुपारच्या जेवणानंतर माझ्याकडे फेकायचा. मी मधल्या खांबाला टेकून मोठ्यानं वाचायचो, बाकीचे हात चालू ठेवून ऐकायचे. मी वाचत असताना माझं सूप रिकामं राहायचं, म्हणून उठायच्या वेळी प्रत्येक रांगेतून एक-दोन मुठी बिड्या माझ्या सुपात पडायच्या. तशी रीतच होती. वाचणाऱ्याच्या वाट्याच्या बिड्या ऐकणारे वळतात. त्या मुठींत सगळ्या जातींच्या हातच्या बिड्या असायच्या आणि कोण कुणाची, ते कुणाला ओळखू यायचं नाही. पाण्याचे रांजण मात्र दोन होते. आमचा रांजण मोरीच्या बाजूला. म्हणजे बघा, आमच्या बोटांनी वळलेली बिडी देशभरचे सोवळे लोक थेट ओठांत धरत होते, धूर पोटात घेत होते, आणि आमच्या हातचा पाण्याचा थेंब त्यांना चालत नव्हता. यात काही खटकतं, असं त्या सत्तर माणसांत कधी कुणी बोललं नाही. मी एकदा बोललो, तर माझ्या शेजारी बसणारा फागू म्हणाला, "तू बहुत सोचता है रे दामा. बीडी बाँध."

फागू छत्तीसगढकडचा, वयानं माझ्या दीडपट, स्वभावानं बरा. कारखान्यात तोच माझ्याशी घरचं-दारचं बोलायचा. पण पेपरात आलेलं त्याला देवानं सांगितल्यासारखं वाटायचं. पेपरात आलं की अमक्या गावी दोन डोक्यांचं वासरू झालं, तर फागू दोन दिवस त्या वासराच्या काळजीत. वाचता न येणारा माणूस छापील अक्षराला भितो, तसा मानतोही. वाचता येणारेही मानतातच. माझा सुशिक्षित जावई आजही टीव्हीपुढे बसून मान हलवतो, तेव्हा मला फागूची आठवण येते. फरक एवढाच की फागू हातानं काम करत करत मान हलवायचा.

आमचं गाव कुडव्याच्या पलीकडे, कारखान्यापासून दोन कोसांवर. मी रोज पायी जा-ये करायचो. घर म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. सकाळी आंबट पेज आणि मीठ, संध्याकाळी भात आणि लाखोरीचं पातळ वरण, तलावात झिंगे सापडले तर त्या दिवशी सण. उन्हाळ्यात मोहाची फुलं भाजून खायचो. बा गावचा कोतवाल होता, म्हणजे मालगुजाराचा चोवीस तासांचा निरोप्या. मालगुजार म्हणजे त्या वेळचा गावाचा धनी. सारा तोच गोळा करायचा, आणि बोलायचं कसं, उभं कुठं राहायचं हेही तोच ठरवायचा. बा त्याच्या दाराशी बोलावण्याची वाट पाहत उभा राहायचा आणि माय घरी बाची वाट पाहत बसायची. त्यात दोघांचं आयुष्य गेलं असतं, पण माय वाट पाहायला कंटाळली.

कारण पाणी. आमच्या वस्तीला एक बोडी होती, म्हणजे लहानसं तळं. चैतात तिचं डबकं व्हायचं. वरच्या अंगाला म्हशी बसायच्या, खालच्या अंगाला आम्ही फडक्यातून गाळून पाणी भरायचो. गाळल्यावरही ते हिरवं दिसायचं. आदल्या उन्हाळ्यात त्याच पाण्यानं माझी धाकटी बहीण गेली. चार वर्षांची होती, दोन दिवस हगवण झाली, तिसऱ्या दिवशी संपली. आणि गावात शाळेपुढे बोर्डाची, म्हणजे सरकारी, पक्की विहीर होती. ती खोदली कुणी? बानं आणि वस्तीतल्या आमच्या बापमाणसांनी. खोदताना ती बाटली नाही. पाणी लागलं त्या दिवसापासून बाटायला लागली.

त्या सुमारास आमच्या लोकांच्या सभा होऊ लागल्या होत्या. नागपूरकडून माणसं यायची, सांगायची की बोर्डाच्या विहिरी सगळ्यांना खुल्या आहेत, तसा सरकारी कागद आहे. पुरुषांनी माना डोलावल्या आणि घरी येऊन झोपले. मायनं मात्र ते ऐकून ठेवलं. एका सकाळी ती घागर घासायला बसली, तेव्हाच बानं ओळखलं.

"काऊन अंगावर ओढवून घेऊन राहिली?" बा म्हणाला. "ते त्याहिची विहीर हाये."

"खोदली तं तुमीच."

"खोदली म्हून का आपली झाली?"

"मंग कवा होते? पोरगी गेली तवा नाई झाली. आता कोन मराची वाट पाहाची?"

बानं कोतवालाचा पट्टा चढवला. हे सगळं मी दारात उभं राहून ऐकलं आणि कारखान्यात निघून गेलो. बरोबर गेलो नाही. यावर लोक मला अजून विचारतात, आणि मी सांगतो की गेलो नाही. खाडा झाला असता तर मुनीमानं दुसरा माणूस बसवला असता, हे खरं आहे. मायनंही नको म्हटलं होतं, बायाच जातील, बायांवर हात टाकणार नाहीत, असं तिला वाटलं होतं. हेही खरं आहे. पण ही सगळी नंतर शोधलेली कारणं.

सात बाया गेल्या. मायनं तीन घागरी काढल्या. चौथ्यांदा दोर सोडला तेव्हा मालगुजाराचा थोरला मुलगा आला आणि त्यानं काठी घातली. घागर फुटली आणि मायचं उजवं मनगट मोडलं. बाकीच्या बाया तिला उचलून घेऊन आल्या. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही, बायांच्या हातात फुटक्या घागरीच्या खापऱ्यांशिवाय काही नव्हतं. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा वस्तीतला म्हातारा बांबूच्या कामट्या लावून तिचा हात बांधत होता आणि ती दात चावून छपराकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात सांगितलं. जे झालं ते सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझ्या तोंडानं. कैच्या थांबल्या नाहीत. दोन-चार जणांनी च्च केलं. फागूनं जर्दा चोळत विचारलं, "कुछ तो किया होगा ना उन्होंने? यूँ ही कौन मारता है?" मी म्हटलं, पाणी काढलं. तो म्हणाला, "वो तो ठीक है, पर उसके पहले?" मुनीम गादीवरून बोलला, "ऐसी बात है तो पेपर में आएगी. आने दो, पता चल जाएगा." सगळ्यांना ते पटलं. मी पाच वर्षं त्या खांबाला टेकून त्यांना दुनियेची बातमी सांगत होतो. माझ्या घरची बातमी मात्र माझ्या तोंडून खरी मानायला ते तयार नव्हते.

आणि पेपरात आलं. तिसऱ्या पानावर, खालच्या कोपऱ्यात. मी धानाचे भाव वाचून संपवले आणि पुढच्या मथळ्यावर डोळा गेला. मथळा होता: अस्पृश्य जमावाचा विहिरीवर हल्ला. खाली लिहिलं होतं की गोंदियाजवळच्या एका गावी बाहेरच्या चिथावणीखोरांच्या नादानं जमावानं सार्वजनिक विहिरीचा कब्जा घेतला, दगडफेक केली, गावकऱ्यांनी मोठ्या संयमानं प्रसंग टाळला, आणि धावपळीत एक म्हातारी घसरून पडली. माय तेव्हा पस्तिशीची होती. वार्ताहर आमच्या गावी आलाच नव्हता. तो स्टेशनाजवळच्या एका अडत-दुकानात बसायचा, आणि आमच्या मालगुजाराचा धान त्याच दुकानात उतरायचा. बातमी बैलगाडीतून धानाबरोबर आली होती, एवढंच.

"रुक क्यों गया?" फागू म्हणाला. "पढ़ ना."

माझ्यासमोर कागद होता आणि सत्तर माणसं कान देऊन बसली होती. मी वाचलं. मथळा मी केला: पाण्यासाठी गेलेल्या स्त्रियांवर अमानुष हल्ला. पाच वर्षं पेपर वाचून पेपराची भाषा माझ्या जिभेवर बसली होती. आमचा वार्ताहर कळवतो की, असे खात्रीलायक समजते की, या निंद्य प्रकाराने जिल्ह्याची मान खाली गेली आहे. मायचं नाव घातलं, सगुणाबाई. मेलेल्या बहिणीचं घातलं. विहीर कुणी खोदली तेही घातलं. जे मी आदल्या दिवशी सांगितलं होतं त्यात एक अक्षर वाढवलं नाही, फक्त 'माझी माय' याच्या जागी 'सदर स्त्री' म्हटलं.

वाचून वर पाहिलं तर कैच्या थांबल्या होत्या. त्या कारखान्यात कामाच्या वेळी मी पहिल्यांदाच गल्लीतल्या टांग्याची घंटा ऐकली. फागूच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "सदर स्त्री," तो म्हणाला, "वो तेरी माँ है ना? अरे, तूने बताया क्यों नहीं ठीक से?"

मी पेपराची घडी घातली.

त्या दिवशी माझ्या सुपात इतक्या बिड्या पडल्या की खाली सांडल्या. मागच्या रांगेतल्या एका जाड माणसानं, जो माझ्या सावलीपासून पाय आखडून घ्यायचा, उभं राहून भाषण ठोकलं की हा सगळ्या कामगारांचा अपमान आहे. ठरलं की परवा बाजाराच्या दिवशी कारखाना बंद असतो, तर चाळीस जणांनी आमच्या गावी यायचं आणि सगुणाबाईच्या बाजूला उभं राहून पाणी काढून घ्यायचं. नावंसुद्धा ठरली. मुनीमानं गूळ-फुटाणे देतो म्हटलं. ही गोष्ट बाजारात पसरली आणि त्या वार्ताहराच्याही कानावर गेली. चाळीस माणसं चालत जाणार म्हणजे बातमी झाली. मोडलेलं मनगट ही बातमी नव्हती.

फागूनं तो कागद माझ्याकडून मागून घेतला, बायकोला दाखवायला. तिलाही वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं शेजारच्या मास्तरांकडून तो वाचून घेतला. माझी चूक ती. भाकरी बांधायला म्हणून कागद मी ठेवून घ्यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी तो आला तो सूप न घेता माझ्यासमोर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इसने झूठ पढ़ा. पेपर में ऐसा कुछ नहीं है. पेपर में तो इन्हीं का दोष लिखा है."

जाड माणूस लगेच उठला. "मले वाटलंच होतं," तो म्हणाला. "म्या तं कालच म्हटलं, यात काईतरी गडबड हाये."

मुनीम गादीवरून उतरून आला. "क्यों रे, सच बोल. जो पढ़ा वो लिखा था?"

"नव्हतं," मी म्हटलं. "जे लिहिलं होतं ते खोटं होतं. म्हणून मी ते वाचलं नाही."

"कागज झूठा और तू सच्चा?"

"गाव दोन कोसांवर आहे. चला, मनगट पाहा. विहीर पाहा. सात बायांना विचारा. कागद कुणाला काय दाखवणार?"

हळूहळू कैच्या चालू झाल्या. माझी माफी हवी होती त्यांना. मी मागितली नाही, आजही मागणार नाही. मुनीमानं पेपर दुसऱ्याकडे फेकला, तो अडखळत अडखळत वाचायला लागला, आणि त्या संध्याकाळी माझ्या सुपात माझ्याच हातच्या तेवढ्या बिड्या होत्या. चाळीस माणसांना माझ्या मायच्या हाताचं काही पडलं नव्हतं. त्यांना पेपरातल्या सदर स्त्रीचं पडलं होतं, आणि ती बाई पेपरातून निघून गेली तसे तेही गेले. पुढे आयुष्यात मी मोठमोठ्या सभा पाहिल्या, मोर्चे पाहिले, आणि गर्दी पाहून ज्यांचे डोळे भरून येतात असे पुढारीही पाहिले. माझे कधी भरून आले नाहीत.

बाजाराच्या दिवशी सकाळी चौघं आले. त्यात फागू होता. तोंड फुगवून माझ्यापासून दहा हात लांब चालत होता. "झूठे की माँ का हाथ देखने जा रहा हूँ," तो दुसऱ्याला सांगत होता, मला ऐकू यावं म्हणून. घरी पोचल्यावर त्यानं मायचा हात पाहिला. कामट्यांच्या वर सुजून वांग्यासारखा झालेला. तो पडवीत खाली बसला आणि त्यानं पाणी मागितलं. मायनं बोडीचं हिरवं पाणी पुढे केलं आणि म्हणाली, "पेता का? हेच हाये." त्यानं ते प्यायलं. फागूबद्दल मी वाईटसाईट पुष्कळ लिहिलं, हेही लिहितो.

विहिरीवर गेलो तेव्हा मालगुजार, त्याचा थोरला मुलगा आणि त्यांची पंधरा-वीस माणसं आधीच उभी होती. मुलाच्या हातात काठी होती. आमच्या बाजूला चौघं पाहुणे, सात बाया, मी आणि बा. होय, बाही आला होता, कोतवालाचा पट्टा घरी काढून ठेवून. मला वाटलं, आज मनगटावर भागणार नाही. तेवढ्यात शाळेच्या वळणावरून सायकलची घंटी वाजली. वार्ताहर. धोतराला क्लिपा लावलेल्या, खिशात पेन, हातात वही. चाळीस माणसं पाहायला आला होता, चार पाहून त्याचं तोंड उतरलं. पण एवढा उन्हातून आला होता, रिकाम्या हातानं कसा जाणार? त्यानं वही उघडली आणि मालगुजाराला विचारलं, "आपलं म्हणणं काय आहे?"

त्या क्षणी जे झालं ते पाहून मला हसू आवरेना. मालगुजारानं पागोटं सारखं केलं. मुलाच्या हातातली काठी कधी मागच्या माणसाकडे गेली, कळलं नाही. जी माणसं आत्तापर्यंत आमच्या बायांची वाट अडवून उभी होती, ती रामलीलेतल्या देवांसारखी हात जोडून ओळीनं उभी राहिली. कारण छापून येणार होतं. मालगुजार म्हणाला की आमच्या गावात कुणाला पाण्याची मनाई कधीच नव्हती, गैरसमज झाला होता, हे सगळे आमचेच लोक. आणि हे बोलणं खरं दिसावं म्हणून त्यानं विहिरीच्या कठड्यावरचा दोर उचलला आणि मायच्या पायाशी टाकला. हातात नाही दिला, वरून सोडला, कुत्र्यापुढे तुकडा टाकतात तसा. मायनं डाव्या हातानं तो उचलला. फागूनं घागर बांधून दिली. ज्या विहिरीचा तळ माझ्या बापानं खोदला, तिचं पाणी त्या दिवशी माझ्या बापानं पहिल्यांदा प्यायलं.

तीन दिवसांनी पेपरात आलं, या वेळी दुसऱ्या पानावर. मालगुजाराचं औदार्य. त्यांनी स्वहस्ते अस्पृश्य स्त्रीच्या हाती दोर देऊन विहीर खुली केली, गोंदियाच्या कामगारांनी मोठ्या संख्येनं हजर राहून या कार्याला पाठिंबा दिला. कारखान्यात हे वाचलं गेलं तेव्हा मी माझी बिडी वळत बसलो होतो. जाड माणूस आठवडाभर सांगत होता की काय ऊन होतं त्या दिवशी. जे छत्तीस आले नव्हते त्यांच्यातल्या प्रत्येकाला हळूहळू आठवायला लागलं की आपण गेलो होतो. पेपर साक्षीला होता. मुनीमानं मला परत खांबाशी बसायला सांगितलं. मी म्हटलं, मला वाचता येत नाही. सहा महिने त्यानं विचारलं, सहा महिने मी हेच सांगितलं.

इकडे मालगुजारानं त्याच आठवड्यात तो कागद कापून चौकटीत बसवला आणि बैठकीत टांगला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. हे बानं येऊन सांगितलं, तेव्हा मायनं मला विचारलं, "काय लिवलं हाये त्याच्यात? जसंच्या तसं वाच."

त्या दिवशीचा पेपर मी भाकरी बांधायला म्हणून मुनीमाकडून मागून आणला होता, तो काढून जसंच्या तसं वाचलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

"हातात देल्ला म्हनते?"

"हो."

तिनं पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं घागर घेतली, आमच्या घरचा दोर खुंटीवरच ठेवला आणि सरळ मालगुजाराच्या दाराशी गेली. मी मागे होतो, या वेळी खाडा करून. बैठकीत दोन-तीन परगावचे पाहुणे चहा पीत बसले होते आणि भिंतीवर ती चौकट होती.

"मालक," माय म्हणाली, "दोर पायजे."

मालगुजारानं पाहुण्यांकडे पाहिलं, मग चौकटीकडे, मग मुलाला खूण केली. थोरला मुलगा आतून दोर घेऊन आला. ज्या हातानं काठी घातली होती त्याच हातात दोर होता. उंबऱ्यावर थांबून तो टाकायला वाकला.

"खाली नोको टाकू, बापू," माय म्हणाली. "पेपरात हातात देल्ला म्हून छापून आलं हाये."

तिनं घागर खाली ठेवली, डावा हात पुढे केला आणि तसाच धरून उभी राहिली. मुलगा बापाकडे पाहत राहिला. एका पाहुण्यानं चहाची बशी खाली ठेवली. मालगुजारानं मान हलवली, इतकी थोडी की मी लक्ष देऊन पाहत नसतो तर दिसली नसती. दोर मायच्या तळहातावर आला. तिनं मूठ मिटली, घागर कमरेवर घेतली आणि विहिरीकडे निघाली.